डिपॉझिट अडकलंय? अमेरिकेत स्मॉल क्लेम्स कोर्टात जाण्याआधी

न्यू जर्सीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही ऑस्टिनला आलो, तेव्हा घरमालकाकडे आमचं १,९०० डॉलर डिपॉझिट होतं. महिना गेला, दोन गेले. फोन केला की उत्तर ठरलेलं, चेक पोस्टात टाकलाय. तिसऱ्या महिन्यात चेकऐवजी दोन ओळींचा ईमेल आला. कार्पेट खराब झालंय, भिंती रंगवाव्या लागल्या, हिशोब मिटला. मी तणतणत ऑस्टिनमधल्या जस्टिस कोर्टाच्या खिडकीवर जाऊन फॉर्म मागितला. खिडकीतल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "घर कुठे होतं?" न्यू जर्सीत, असं म्हटल्यावर त्यांनी पुढे केलेला फॉर्म शांतपणे परत आत ओढून घेतला.

त्या दिवशी कळलं की अमेरिकेत स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट, असं सगळीकडे सारखं एकच काही नाही. पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा आहेत. किती रकमेपर्यंत दावा लावता येतो, फी किती, वकील चालतो का, हरलात तर अपील करता येतं का, सगळं राज्यागणिक बदलतं. हा लेख नव्याने आलेल्यांसाठी आहे. डिपॉझिट, अर्धवट काम करून गेलेला कंत्राटदार, सामान फोडणारे मूव्हर्स, भाडं बुडवणारा रूममेट, यांच्यातलं एखादं प्रकरण पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला येतंच. मी वकील नाही. आधी स्वतःसाठी आणि मग मंडळातल्या पाच-सात जणांसाठी हे फॉर्म भरताना जे कळलं, ते लिहितोय.

व्हिसाची भीती आधी काढून टाका

सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे, कोर्टात नाव आलं तर? हा दिवाणी मामला आहे, फौजदारी नाही. दावा लावायला नागरिक असावं लागत नाही, आणि जिंकलात किंवा हरलात तरी गुन्ह्याची नोंद होत नाही. एफ-१ वरचे विद्यार्थीही दावा लावू शकतात. उत्पन्न कमी असेल तर फी माफीचा अर्ज करता येतो, तो बहुतेक कोर्टांत फॉर्मसोबतच मिळतो.

दुसरी अडचण आपल्याकडून आणलेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथली ही पायरी मात्र मुद्दाम बुटकी ठेवलेली आहे. १९१३ साली क्लीव्हलंडच्या म्युनिसिपल कोर्टात अशा छोट्या दाव्यांसाठी वेगळी शाखा सुरू झाली, ती याचसाठी, की चार पैशांच्या येण्यासाठी माणसाला वकिलाचे आठ पैसे मोजावे लागू नयेत. मुंबईकरांनी धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाचं चित्र डोळ्यांपुढे आणू नये. तिथे घरभाड्याचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात. याच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर ते ग्राहक आयोग.

कोणत्या राज्यात? तुमच्या नाही, त्याच्या

माझी चूक इथेच झाली होती. समोरचा माणूस जिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा व्यवहार वा नुकसान जिथे झालं, त्या राज्यात दावा लागतो. तुम्ही आता कुठे राहता याला फारसं महत्त्व नाही. नोकरीसाठी आपण जर्सीतून टेक्सास, टेक्सासमधून सिअॅटल असे फिरत असतो, पण घरमालक आपल्यामागे फिरत नाही. त्यामुळे राज्य सोडण्याआधीच प्रकरण उरकता आलं तर उरका. नंतर एका तारखेसाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं आणि ते कोर्टाच्या फीच्या कितीतरी पट असतं.

राज्य ठरलं की काउंटी, म्हणजे राज्यातला जिल्हा, ठरवायची. न्यू जर्सीत प्रतिवाद्यांपैकी निदान एक जण ज्या काउंटीत राहतो तिथे दावा लावतात. एडिसनच्या घरमालकासाठी मिडलसेक्स काउंटी, म्हणजे न्यू ब्रन्सविकचं कोर्ट. न्यूयॉर्क शहरात समोरच्याचं घर, नोकरी किंवा धंद्याची जागा शहरात असावी लागते.

आणि नावावरून गोंधळू नका. "स्मॉल क्लेम्स" अशी पाटी शोधत फिराल तर टेक्सासमध्ये सापडणार नाही, तिथे ते जस्टिस कोर्ट. जॉर्जियात मॅजिस्ट्रेट कोर्ट, पेनसिल्व्हेनियात मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट कोर्ट, टेनेसीत जनरल सेशन्स, मिनेसोटात कन्सिलिएशन कोर्ट. न्यू जर्सीत स्पेशल सिव्हिल पार्ट नावाच्या विभागाच्या पोटात स्मॉल क्लेम्स असतं.

किती रकमेपर्यंत?

टेनेसी आणि केंटकी ही शेजारी राज्यं, एकमेकांना खेटून. टेनेसीत २५,००० डॉलरपर्यंतचा दावा या साध्या कोर्टात लागतो. सीमा ओलांडून केंटकीत गेलात की मर्यादा २,५०० डॉलर. बरोबर दहावा हिस्सा.

आपली माणसं जिथे जास्त आहेत त्या राज्यांपुरतं सांगतो. कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी १२,५०० डॉलर, कंपनीसाठी ६,२५०. टेक्सासमध्ये २०२० च्या सप्टेंबरपासून २०,०००. जॉर्जियात १५,०००, पेनसिल्व्हेनियात १२,०००. इलिनॉयमध्ये १०,०००. वॉशिंग्टन राज्यातही व्यक्तीसाठी १०,०००, कंपनीसाठी त्याच्या निम्मे. फ्लोरिडात ८,०००. मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगनमध्ये ७,०००. न्यू जर्सीत ५,०००. न्यूयॉर्कची गंमत म्हणजे एकाच राज्यात तीन-चार आकडे आहेत. न्यूयॉर्क शहरात १०,०००, बाहेरच्या सिटी कोर्टांत आणि लाँग आयलंडवर नॅसॉत ५,०००, गावांच्या आणि व्हिलेजच्या कोर्टांत ३,०००. दर काही वर्षांनी विधिमंडळं हे आकडे वाढवतात, म्हणून फॉर्म भरण्याच्या दिवशी त्या कोर्टाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाका. मित्राने तीन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून चालू नका.

येणं मर्यादेपेक्षा थोडं जास्त असेल तर? दाव्याचे दोन तुकडे करून दोन अर्ज लावता येत नाहीत. वरची रक्कम सोडून द्यायची, नाहीतर वरच्या कोर्टात जायचं. कॅलिफोर्नियात १३,५०० येणं असेल तर मी डोळे मिटून हजार सोडीन, कारण वरच्या कोर्टात नुसती फीच काहीशे डॉलर आहे आणि समोरचा वकील घेऊन येऊ शकतो. न्यू जर्सीत मात्र ५,००० च्या वर गेलात तरी त्याच स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये २०,००० पर्यंत दावा लावता येतो. कागद थोडे वाढतात, पण ते झेपण्यासारखं आहे.

रक्कम लिहिताना एक गोष्ट लोक विसरतात, दंडाची. डिपॉझिटच्या बाबतीत राज्यांचे कायदे घरमालकाला मुदत घालून देतात आणि ती मोडली तर जादा पैसे द्यायला लावतात. न्यूयॉर्कमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात २१, न्यू जर्सी, टेक्सास आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ३०. न्यू जर्सीत बेकायदा अडवलेल्या रकमेच्या दुप्पट मागता येते. मॅसॅच्युसेट्समध्ये तिप्पट. टेक्सासमध्ये घरमालकाची बदनियत सिद्ध झाली तर तिप्पट आणि वर १०० डॉलर. पण तिथे एक मेख आहे. आपला नवा पत्ता तुम्ही घरमालकाला लेखी कळवलेला असावा लागतो. तोंडी सांगितलं होतं, हे तिथे चालत नाही. घर सोडताना ईमेलच्या जोडीला एक साधं पत्र टाका. काम पाच मिनिटांचं असतं, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

खर्च किती येतो

समजा तुमचं ९,००० डॉलर येणं आहे. न्यूयॉर्क शहरात हा दावा लावायची फी २० डॉलर आहे. हजारापर्यंतच्या दाव्याला १५, त्यावर कितीही असो, २०. कॅलिफोर्नियात याच दाव्याला ७५ लागतील. तिथे १,५०० पर्यंत ३०, ५,००० पर्यंत ५० आणि त्यावर ७५ असे टप्पे आहेत. टेक्सासमध्ये रक्कम कितीही असली तरी ५४. नॉर्थ कॅरोलायनात ९६ फी आणि शेरीफकडून समन्स बजावायचे प्रत्येक प्रतिवादीमागे ३० वेगळे, आणि तिथली मर्यादा काउंटीनुसार ५,००० ते १०,००० अशी हलते, म्हणून आधी तेही बघायचं. न्यू जर्सीत ९,००० स्मॉल क्लेम्समध्ये बसतच नाहीत. पाच हजारांच्या आतला दावा असता तर ३५ डॉलर, प्रत्येक जादा प्रतिवादीमागे ५ आणि टपालखर्च.

फीपेक्षा समन्सचा खर्च दांडगा होऊ शकतो. न्यूयॉर्क शहरात आणि न्यू जर्सीत कोर्ट स्वतः टपालाने नोटीस पाठवतं, त्यामुळे भार कमी. टेक्सासमध्ये कॉन्स्टेबलकडून बजावणी करून घ्यायला बहुधा फाइलिंग फीपेक्षा जास्त पैसे लागतात. कॅलिफोर्नियात कारकुनामार्फत सर्टिफाइड मेल हा स्वस्त रस्ता आहे. पण सही खुद्द प्रतिवादीची हवी. दुसऱ्याच कोणी घेतलं किंवा पाकीट परत आलं, तर ती बजावणी धरत नाहीत आणि तारीख वाया जाते. तिथे मी सरळ प्रोसेस सर्व्हरला, म्हणजे पैसे घेऊन कोर्टाचे कागद बजावणाऱ्याला, पैसे देईन. किंवा अठरा वर्षांवरच्या, दाव्याशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला पाठवीन, तेही चालतं. आपण स्वतः जाऊन कागद हातात देणं मात्र चालत नाही.

जिंकलात तर फी आणि बजावणीचा खर्च निकालात मिळवून मागता येतो. बुडालेली रजा, पेट्रोल, मनस्ताप, यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून दोनशे डॉलरच्या येण्यासाठी दोन दिवस रजा टाकायची का, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. माझा एक मित्र १८० डॉलरसाठी गेला होता. पैशांसाठी गेला नव्हता, हे त्याच्या बायकोला अजून पटलेलं नाही.

वकील आणि अपील

कॅलिफोर्निया आणि मिशिगनमध्ये या कोर्टात वकिलाला उभं राहता येत नाही. वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सास, जॉर्जियात वकील चालतो, फक्त गरज नसते. म्हणजे मोठ्या अपार्टमेंट कंपनीविरुद्ध टेक्सासमध्ये उभे राहिलात तर समोर वकील दिसू शकतो. घाबरू नका, न्यायाधीशाला दोन्ही बाजूंची कागदपत्रं सारखीच वाचायची असतात.

अपिलाचे नियम मात्र दावा लावण्याआधी वाचा, नंतर नाही. कॅलिफोर्नियात ज्याने दावा लावला तो हरला तर त्याला अपील नाही. प्रतिवादी हरला तर त्याला ३० दिवस मिळतात आणि सगळी सुनावणी नव्याने होते. म्हणजे तुमच्या हातात एकच डाव असतो. तयारी अर्धवट असेल तर थांबा, मुदत संपत नसेल तोवर घाई कशाला? मिशिगनमध्ये न्यायाधीशाच्या निकालावर दोघांनाही अपील नाही. न्यूयॉर्क शहरात संध्याकाळी साडेसहाच्या कोर्टात गेलात की विचारतात, न्यायाधीश हवा की लवाद? लवादाकडे नंबर लवकर लागतो, पण त्याच्या निकालावर अपील नसतं. सरळ, कागदोपत्री पक्कं प्रकरण असेल तर मी लवाद घेईन. कायद्याचा काही कीस पाडायचा असेल तर दुसऱ्या तारखेची वाट बघून न्यायाधीश. टेक्सासमध्ये २१ दिवसांत काउंटी कोर्टात अपील करता येतं, पण हरलेल्या प्रतिवादीला त्यासाठी निकालाच्या दुप्पट रकमेचा जामीन भरावा लागतो, त्यामुळे फुकाचं अपील करायला सहसा कोणी धजत नाही.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर, लेखी करारावर दावा लावायला कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये चार वर्षं असतात, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सहा. तोंडी कराराला कॅलिफोर्नियात फक्त दोन. आपल्यातले रूममेटचे व्यवहार बहुतेक तोंडीच असतात.

पहिलं पाऊल कोर्टात नाही, पोस्टात

दावा लावण्याआधी पैसे लेखी मागा. कॅलिफोर्नियाच्या एससी-१०० या फॉर्मवर प्रश्नच आहे, दावा लावण्याआधी पैसे मागितले होते का म्हणून. मॅसॅच्युसेट्समध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली दुप्पट-तिप्पट रक्कम मागायची असेल तर ३० दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते. बाकी ठिकाणी कायदा सांगत नसला तरी द्या, कारण माझ्या बघण्यातली अर्धी प्रकरणं या पत्रावरच मिटली.

पत्र एका पानाचं असावं. व्यवहार काय, तारखा काय, रक्कम किती आणि कशी काढली, कोणत्या कायद्याखाली, अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास अमुक कोर्टात दावा लावणार. बस. आपल्या लोकांची पत्रं एकतर फार नम्र असतात, "कृपया विचार व्हावा" छापाची, नाहीतर त्यात तिसऱ्या परिच्छेदापासून पोलीस आणि वर्तमानपत्रं येतात. दोन्ही टाळा. हे पत्र उद्या न्यायाधीश वाचणार आहे, असं धरून लिहा. सर्टिफाइड मेलने, पोच पावतीसह पाठवा आणि ती हिरवी पावती जपून ठेवा.

दावा भरताना नाव नीट लिहा

सगळ्यात महाग चूक ही. दुकानावर एक पाटी असते, कंपनीचं नोंदणीकृत नाव दुसरंच. चुकीच्या नावावर निकाल मिळवलात तर तो कागद घेऊन कोणाच्या दारात जाणार? प्रत्येक राज्यात सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या किंवा तशाच खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधता येतं. एलएलसी असेल तर पूर्ण नाव, शेवटच्या "एलएलसी"सह लिहा. तिथेच रजिस्टर्ड एजंटचं, म्हणजे कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारणाऱ्याचं, नाव आणि पत्ता मिळतो, समन्स त्याच्यावर बजावायचं. घरमालक व्यक्ती आहे की कंपनी, हे लीजवर बघा. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांना प्रतिवादी करा.

दाव्याची हकिकत चार-पाच वाक्यांत लिहा. फॉर्मवर जागाच तेवढी असते आणि ते बरंच आहे.

अडलात तर कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीत स्मॉल क्लेम्स अॅडव्हायजर फुकट सल्ला देतो. इतर राज्यांत कोर्टांची स्वमदत केंद्रं असतात. खिडकीवरचा कारकून फॉर्म देईल, कुठे सही करायची दाखवेल, पण "मी जिंकेन का?" याचं उत्तर देणार नाही. त्याला तशी मुभा नसते, तो तुसडा आहे असं नाही.

पुरावा आणि तारखेचा दिवस

तुमच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतील. तेवढ्यात लीज, पैसे दिल्याचा पुरावा, घरात शिरतानाचे आणि सोडतानाचे फोटो, ईमेल, पत्राची पोच, एवढं तारखेच्या क्रमाने लावलेलं हवं. तीन संच करा, एक न्यायाधीशाला, एक समोरच्याला, एक आपल्याला. सगळं फोनमध्ये आहे, असं म्हणू नका. न्यायाधीश तुमचा फोन हातात घेऊन स्क्रोल करत बसणार नाही, शिवाय पुरावा म्हणून फाइलला कागद लागतो.

रूममेट मराठी असेल तर व्हॉट्सॅपवरचं बोलणं मराठीत असतं. "अरे देतो रे शनिवारी" ही कबुली आहे, पण ती न्यायाधीशाला कळली पाहिजे. स्क्रीनशॉटखाली ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर द्या, नंबर आणि तारखा दिसतील असे. शक्य असेल तर ते तटस्थ माणसाकडून सहीनिशी करून घ्या. आई-वडील साक्षीला असतील आणि इंग्रजीची अडचण असेल तर कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत कोर्ट दुभाषी मोफत देतं. मात्र मराठी दुभाषी हाताशी बसलेला नसतो. दावा लावतानाच मागणी नोंदवा, आणि "हिंदी चालेल ना?" असं विचारलं तर चालत नसल्यास स्पष्ट नाही म्हणा.

कोर्टात गेल्यावर समोरच्याशी बोलायचं नाही, न्यायाधीशाशी बोलायचं. तो धडधडीत खोटं बोलत असला तरी मध्ये तोंड घालू नका, टिपून ठेवा, तुमची पाळी येईल. घरमालकाचं हुकमी वाक्य म्हणजे कार्पेट खराब झालं. त्यावर प्रश्न दोनच, कार्पेट किती वर्षांचं होतं आणि पावती कुठे आहे? रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे तत्त्व बहुतेक सगळीकडे आहे.

माझ्या वेळी न्यू ब्रन्सविकला न्यायाधीशापुढे जाण्याआधीच आम्हाला तडजोडीसाठी एका खोलीत बसवलं. न्यू जर्सीत हा रिवाजच आहे. मी दुप्पट, म्हणजे ३,८०० मागितले होते. कार्पेटची पावती घरमालकाकडे नव्हती. पाऊण तासात २,९०० वर मिटलं. तडजोड करायला हरकत नाही, पण ती कागदावर आणा. रक्कम, तारीख, आणि तारीख चुकली तर काय. आणि ती कोर्टाच्या फाइलला लावून घ्या. मी कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेनेच काढलेला चेक, मागितला. त्याने तोंड वाकडं केलं, पण दिला.

समोरचा आलाच नाही तर एकतर्फी निकाल मिळतो, तरीही तुमचं येणं दाखवावं लागतंच. सोबत प्रतिवादी लष्करात चालू सेवेत नाही, असं प्रतिज्ञापत्रही लागतं. सैनिकांच्या संरक्षणाचा हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे राज्य कोणतंही असलं तरी ते सुटत नाही.

निकाल हातात, पैसे कुठे?

खरा खर्च इथे सुरू होतो, आणि फॉर्म भरताना याचा विचार कोणी करत नाही. कोर्ट निकाल देतं, वसुली करून देत नाही. आपल्याकडे हुकूमनाम्यानंतर तो अमलात आणण्यासाठी दरखास्त लावावी लागते, तसंच इथेही वेगळे कागद, वेगळी फी. कॅलिफोर्नियात जप्तीच्या रिटला ४० डॉलर, वर शेरीफचे पैसे. हरलेल्याने आपल्या मालमत्तेचं विवरण भरून द्यावं असा तिथला नियम आहे, त्यातून बँक आणि नोकरी कळते. निकालावर तिथे साधारणपणे वर्षाला १० टक्के व्याज चढतं, निकाल दहा वर्षं जिवंत राहतो आणि पुढे नूतनीकरणही होतं. न्यूयॉर्कमध्ये तो वीस वर्षं चालतो.

टेक्सासचा नूर वेगळा. दावा २०,००० पर्यंत लावू देतात, पण खाजगी देण्यापोटी माणसाच्या पगाराला हात लावता येत नाही आणि राहतं घरही सुरक्षित असतं. पगाराशिवाय ज्याच्याकडे काही नाही, अशा माणसाविरुद्ध टेक्सासमध्ये जिंकणं म्हणजे भिंतीवर लावायला कागद मिळणं. म्हणून दावा लावण्याआधीच विचारा, याच्याकडे जप्त करण्यासारखं काय आहे? भाड्याची घरं असलेला मालक, चालू धंदा, नोंदणीकृत कंपनी, यांच्याकडून पैसे निघतात. आज इथे उद्या तिथे असलेल्या सबलेटवाल्याकडून कठीण.

घरमालकाला कधी कागदी चेक दिला असेल तर तो वटल्यावर त्याच्या पाठीची प्रत आपल्या बँकेतून काढून ठेवा. त्यावर त्याच्या बँकेचा शिक्का असतो. कोणत्या बँकेवर जप्ती आणायची ते शेरीफला तुम्हीच सांगायचं असतं.

आणि रूममेट पैसे बुडवून पुण्याला परत गेला असेल तर? भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ज्या देशांचे हुकूमनामे थेट अमलात आणता येतात, त्यांत अमेरिका नाही. म्हणजे इथला निकाल घेऊन तिथे दरखास्त लावता येत नाही, त्या निकालाच्या आधारे पुण्याच्या कोर्टात नव्याने दावा लावावा लागतो. त्यातही इथला निकाल एकतर्फी आणि गुणदोष न तपासता दिलेला असेल तर कलम १३ आडवं येतं. अशा वेळी त्याच्या काकांना फोन करणं स्वस्त पडतं. हे मी थट्टेने म्हणत नाही, दोन प्रकरणं तशीच मिटलेली पाहिली आहेत. माणूस इथे असतानाच, तिकीट काढायच्या आधी, हिशोब लिहून घ्या.

पैसे खात्यात आले की एक शेवटचा कागद राहतो. निकालाची पूर्तता झाली, असं कोर्टाला कळवण्याचा. कॅलिफोर्नियात त्यासाठी एससी-२९० हा फॉर्म आहे, न्यू जर्सीत वॉरंट टू सॅटिस्फाय जजमेंट. पैसे मिळूनही, समोरच्याने मागितल्यावर तुम्ही हा कागद भरून दिला नाही, तर चूक तुमची धरली जाते. तेव्हा चेक वटल्याची खात्री करून घ्या, मगच सही करा, आणि त्या फॉर्मची एक प्रत त्याच फाइलमध्ये लावा.